शंभर वॅटचा बल्ब घेण्याआधी हरवलेले तीन व्होल्ट शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मूळ हेडलाइट फुटले म्हणून बाहेरचा नवा जोड (दोन दिव्यांचा संच) बसवला. आत एच४ हॅलोजन बल्ब आहेत. दिवसा दिसायला छान, पण रात्री उजेड पुरत नाही, आणि डावा दिवा उजव्यापेक्षा पिवळा वाटतो. कपलर (बल्बच्या मागचा वायरींचा प्लग) काढून मीटर लावला तर १२.६ व्होल्ट दिसले, म्हणजे वायरिंग ठीक आहे. आता शंभर वॅटचे बल्ब टाकावेत की एलईडी?

सध्या दोन्ही नकोत. वायरिंग ठीक आहे हा निष्कर्षच चुकलेला आहे, आणि त्याच्यावर उभा केलेला पुढचा प्रत्येक खर्च वाया जाईल. गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना मंद हेडलाइटच्या जितक्या तक्रारी मी पाहिल्या, त्यांतल्या थोड्याच बल्बमुळे होत्या. उजेड बहुतेक वेळा बल्बच्या आधी, म्हणजे वायर, वायरींचे सांधे आणि अर्थमध्ये (बॉडीतून बॅटरीच्या माइनसकडे परत जाणाऱ्या वाटेत) हरवतो. नाहीतर बल्बच्या नंतर, म्हणजे रिफ्लेक्टर, काच आणि दिव्याच्या कोनात. आधी तो कुठे हरवतोय ते ठरवू.

पहिली खूण तुम्ही स्वतःच लिहिली आहे: डावा दिवा पिवळा आहे. हॅलोजनच्या तारेला व्होल्टेज कमी मिळालं की ती कमी तापते, आणि उजेड कमी होतो तसा रंगही पिवळ्या-तांबूसकडे झुकतो. म्हणून काच स्वच्छ असताना दिवा पिवळा आणि मंद दिसत असेल, तर आधी विजेकडे बघायचं. दिवा चांगला पांढरा आहे, गाडीसमोर लख्ख पडतो, पण लांबचं दिसत नाही, असं असेल तर वीज पोहोचते आहे आणि गडबड फोकसची किंवा कोनाची आहे. तुमच्या गाडीत मला दोन्ही असण्याची शंका येते, पण सुरुवात विजेपासून करू.

कपलर काढून घेतलेलं माप फसवं का असतं ते आधी सांगतो. बल्ब काढला की तारेतून करंट जात नाही. करंट नाही तर वाटेतल्या खराब जोडावर व्होल्टेज पडतही नाही. गंजलेला जोड असो की एकाच तंतूवर लटकलेली वायर असो, मीटर बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज दाखवणार. नळाची तोटी बंद असताना पाइपातला दाब पूर्ण असतो, तोटी उघडली की अर्धवट तुंबलेला पाइप उघडा पडतो, तसंच हे. माप घ्यायचं ते बल्ब जोडलेला आणि पेटलेला असताना. कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथून आत शिरते तिथून, बारीक टाचणी आतल्या पट्टीला टेकेपर्यंत सरकवा आणि तिच्यावर मीटरचं टोक धरा. वायरचं इन्सुलेशन भोसकू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी तिथेच हिरवा गंज चढतो.

ओहमवरही मोजू नका. पाऊण ओहम सोडा, पाव ओहमचा अडथळासुद्धा हेडलाइटला भारी पडतो, आणि साध्या मीटरच्या नुसत्या वायरीच तेवढा आकडा दाखवतात. वाट जोडलेली आहे असं सांगणारी मीटरची शिट्टी तर अशा जोडावर हमखास वाजते आणि आपण निश्चिंत होतो.

इंजिन चालू ठेवा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, हात आणि वायरी पंख्यापासून व बेल्टपासून लांब. डिपर (खालचा झोत) लावा आणि चार मापं घ्या. पहिलं, बॅटरीच्या प्लस आणि माइनसवर: साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. इथेच १२.५ मिळाले तर दिव्याचा नाद सोडून बेल्ट आणि अल्टरनेटर बघा. दुसरं, पेटलेल्या बल्बच्या प्लस आणि अर्थ पट्ट्यांमध्ये. तिसरं, बॅटरीचा प्लस ते बल्बची प्लस पट्टी. चौथं, बल्बची अर्थ पट्टी ते बॅटरीचा माइनस. तिसरं आणि चौथं माप म्हणजे वाटेत गळालेले व्होल्ट. प्लसच्या वाटेवर अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेता येतं, अर्थच्या वाटेवर ०.२ च्या वर गेलं की काम काढायचं. दुसरं, तिसरं आणि चौथं यांची बेरीज पहिल्याएवढी यायला हवी. नाही आली तर कुठेतरी टोक नीट टेकलेलं नाही.

हे कसं दिसतं ते एका गाडीवरून सांगतो. तक्रार हुबेहूब तुमचीच होती: नवा जोड, डावा दिवा पिवळा, मालकाने बल्ब दोनदा बदललेले. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. पेटलेल्या डाव्या बल्बवर १०.९. प्लसच्या वाटेवर १.९ गेलेले, अर्थच्या वाटेवर १.१. म्हणजे तीन व्होल्ट वाटेतच खर्च. ऐकायला तीन व्होल्ट किरकोळ वाटतात, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने घटतो. एच४ बल्बचं प्रमाणित माप १३.२ व्होल्टला घेतात: अप्परला १६५० ल्युमेन आणि डिपरला १०००, १५ टक्के कमी-जास्त धरून. १०.९ व्होल्टला त्यातलं जेमतेम निम्मं उरतं. व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड ३० टक्के जातो. मालकाने दोनदा बदललेले बल्ब चांगलेच होते.

अर्थचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) सोडवला तेव्हा सगळं कळलं. नव्या हार्नेसची, म्हणजे दिव्यासोबत आलेल्या वायरींच्या जुडग्याची, काळी वायर बॉडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली होती, आणि लगखालचा रंग जसाच्या तसा, गोल चकतीसारखा चकचकीत शिल्लक होता. धातूला धातू टेकत होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांवर, आणि त्यांनाही तांबूस गंज चढायला लागला होता. साडेचार अँपिअर आणि १.१ व्होल्ट, म्हणजे पाच वॅट उष्णता त्या स्क्रूपाशी निघत होती. लगला बोट लावलं तर चटका बसत होता. रंग खरवडून पत्रा उघडा केला, मध्ये दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं तर १.१ चे ०.०६ झाले होते. समोरच्या भिंतीवरचा पिवळा डाग डोळ्यांदेखत पांढरा झाला. प्लसची बाजू अजून बाकी होती, तरी मालकाला तेवढ्यानेच आनंद झाला.

अर्थ खराब आहे हे मीटर न लावताही एच४ मध्ये कधीकधी ओळखता येतं. या बल्बच्या तीन पट्ट्यांपैकी एक अप्पर, एक डिपर आणि एक दोन्हींची सामाईक. सामाईक अर्थ तुटका असला की डिपरच्या तारेतून आलेला करंट वाट शोधत अप्परच्या तारेत घुसतो, अप्परच्या वायरीने उलटा जाऊन दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून अर्थला मिळतो. मग खराब अर्थच्या दिव्यात दोन्ही तारा निखाऱ्यासारख्या मंद दिसतात आणि डिपर लावलेला असतानाही डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा मिणमिणतो. हे दिसलं तर बाकी काही न बघता सरळ अर्थवर जा. मात्र काही गाड्यांत व्यवस्था उलटी असते: सामाईक पट्टीला प्लस येतो आणि स्विच अर्थची बाजू जोडतो. म्हणून कपलरच्या कुठल्या पट्टीला प्लस आहे ते आधी तपासून घ्या. अशा गाडीत बाजारातला साधा रिले हार्नेस (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) किंवा एलईडी आंधळेपणाने जोडला की काहीच पेटत नाही, नाहीतर भलतंच पेटतं.

प्लसच्या वाटेवर गळती असेल तर वाट तुकड्यातुकड्याने मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवा आणि दुसरं टोक पुढे सरकवत न्या: फ्यूजच्या आधी, फ्यूजच्या नंतर, रिले किंवा स्विचच्या नंतर, मूळ कपलर, मग नव्या हार्नेसचं कपलर. आकडा जिथे एकदम उडी मारतो तिथे रोग. बाहेरून बसवलेल्या दिव्यांत ही उडी बहुतेकदा शेवटच्या दोन फुटांत सापडते, म्हणजे दिव्यासोबत आलेल्या जोडणीच्या वायरीत. ती वायर जाड दिसते, पण जाडी प्लास्टिकची असते. टोक सोलून बघा: आत किती तंतू आहेत, आणि एक तंतू ब्लेडने खरवडल्यावर खाली तांबडं दिसतं की चंदेरी. चंदेरी निघालं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा अडथळा जास्त आणि क्रिंप लवकर सैल पडते. कपलरचं प्लास्टिक पट्टीभोवती तपकिरी झालं असेल, तर ती पट्टी सैल होऊन तापते आहे. पक्कडने दाबून थोडे दिवस निघतील, पण नवं होल्डर टाकणंच बरं, चिनी मातीचं मिळालं तर उत्तम.

आता शंभर वॅटच्या बल्बचं, म्हणजे अप्पर १०० आणि डिपर ९० वॅटचा. ५५ वॅटच्या डिपरच्या जागी ९० वॅटची तार आली की करंट दीडपटीहून वाढतो, आणि खराब जोडावरची उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे अडीच-तीन पट. जो स्क्रू चटका देत होता तो आता वायरीचं इन्सुलेशन वितळवेल. व्होल्टेज आणखी पडेल, त्यामुळे वाढीव वॅटचा मोठा हिस्सा वायरच गरम करण्यात जाईल. शिवाय दिव्याच्या आतलं तापमान वाढून रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो, आणि तो एकदा गेला की कुठलाही बल्ब टाका, उजेड परत येत नाही. वीजवाट दुरुस्त केलेला ६०/५५ चा चांगला बल्ब, खराब वाटेवरच्या १००/९० पेक्षा भरवशाचा. तसंच निळसर काचेचे हॅलोजन बल्ब: ते पांढरे दिसतात, कारण निळा थर पिवळा-तांबडा उजेड गाळून टाकतो. गाळलेला उजेड रस्त्यावर पडत नाही. रात्री पावसात फरक लगेच कळतो. साध्या काचेचा बल्ब घ्या.

सगळे जोड साफ करूनही प्लसच्या वाटेवर एक व्होल्ट जात असेल, तर रिले हार्नेस करा. एक चौरस मिमीपेक्षा बारीक मूळ वायरीला दोष देऊन उपयोग नाही, ती तेवढीच आहे. ०.७५ चौरस मिमीच्या चार मीटर तांब्याच्या वायरीतून दोन्ही दिव्यांचे १० अँपिअर गेले की ०.९ व्होल्ट तिथेच पडतात, २.५ चौरस मिमीच्या वायरीत ०.३ देखील नाही. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीचा प्लस, बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज घालून. ८७ वरून दिव्याला. ८५ आणि ८६ ही कॉइल: एकीला जुन्या कपलरची वायर, दुसरीला अर्थ. अप्परला एक रिले, डिपरला एक. दोन साध्या बल्बांना प्रत्येक रिलेमागे १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. पाच पायांचा रिले घेतलात तर मधल्या ८७ए ला हात लावू नका; तिथे जोडलेला दिवा स्विच बंद असताना पेटतो. रिलेचं तोंड खाली ठेवा म्हणजे पाणी आत साचत नाही. आणि नवी प्लस वायर जेवढी जाड तेवढीच अर्थची घ्या. लोक प्लस जाड घेतात आणि अर्थ जुनाच ठेवतात, मग म्हणतात रिलेने काही फरक पडला नाही.

एक सावधगिरी. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटला स्विचकडून सरळ वीज जात नाही, एक नियंत्रक युनिट ती तुकड्यातुकड्याने, वेगाने चालू-बंद करत सोडतं. अशा वायरीला साधा रिले जोडला तर तो थरथरतो, एलईडी लुकलुकतो, आणि मीटर दाखवतो ते सरासरी व्होल्टेज. तुमची गाडी तशी असेल तर वायर कापायच्या आधी त्या गाडीचा वायरिंग नकाशा बघणाऱ्या इलेक्ट्रिशियनलाच गाठा.

वीज पोहोचली, आता बल्बच्या पुढे. सपाट जागेवर, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी सरळ उभी करा आणि एकेक दिवा झाकून दुसऱ्याचा झोत बघा. डिपरच्या झोताला वरून स्पष्ट कापलेली रेघ हवी, आणि एका बाजूला ती तिरकी वर चढायला हवी. ती चढण रस्त्याच्या कडेकडे हवी. वाहतूक डावीकडून चालते तिथे डावीकडे, उजवीकडून चालते तिथे उजवीकडे. बाहेरच्या जोडात कधीकधी भलत्याच बाजूच्या वाहतुकीचे दिवे मिळतात. ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात, मग तो बिचारा अप्पर मारतो, आपण दिवा खाली करतो, आणि आपल्याला काही दिसेनासं होतं. अशा जोडाला कोनाची दुरुस्ती नाही, तो परत करायचा.

रेघच नसेल, नुसता पसरट ढग असेल, तर बल्ब नीट बसलाय का बघा. एच४ च्या तीन कानांची ठेवण अशी असते की तो एकाच पद्धतीने बसतो, पण स्वस्त जोडाची खोबण सैल असते आणि स्प्रिंगची क्लिप अर्धवटच अडकते. दिवा लावून बल्बच्या बुडाला मागून हलकेच दाबा, हातमोजा घालून. भिंतीवरची रेघ हलली तर बल्ब डुगडुगतोय. रिफ्लेक्टरचा सगळा हिशेब तारेच्या जागेवर केलेला असतो. ती मिलिमीटरभर सरकली तरी झोत विस्कटतो. बल्बच्या काचेला मात्र बोट लावू नका, तेलकट डागापाशी काच जास्त तापून बल्ब लवकर जातो.

एलईडीचं उत्तरही इथेच आहे. हॅलोजनची तार म्हणजे पाचेक मिमी लांबीची बारीक दांडी, सगळ्या बाजूंनी उजेड देणारी. एलईडीमध्ये पट्टीच्या दोन अंगांना चिप, मध्ये पट्टीची जाडी. ती जाडी जास्त असेल किंवा चिप तारेच्या जागेवर नसतील, तर उजेड भरपूर निघतो पण रिफ्लेक्टर तो नको तिथे फेकतो. गाडीसमोरचे दहा मीटर उजळून निघतात, आणि त्या उजेडाला डोळा सरावला की लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. लोकांना वाटतं दिवा जबरदस्त आहे, आणि साठ मीटरवरची उभी हातगाडी दिसत नाही. दुसरी अडचण उष्णतेची. मागचा पंखा बंद पडला किंवा रबरी झाकणाने हवा कोंडली की एलईडी स्वतःला वाचवायला करंट कमी करतो. सुरू केल्यावर लख्ख आणि पंधरा-वीस मिनिटांनी मंद, ही त्याची ओळख. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी घालायला अनेक देशांत परवानगीही नाही. एलईडी हवाच असेल तर एलईडीसाठीच घडवलेला, मान्यतेची खूण असलेला पूर्ण दिवा घ्या. एचआयडी किटबद्दल (तारेऐवजी वायूतल्या ठिणगीने पेटणारे बल्ब) हेच म्हणणं, फक्त तिथे रंग जांभळट-गुलाबी व्हायला लागला की बल्ब म्हातारा झालाय असं समजा.

काच पिवळी किंवा धुरकट असेल तर ती पॉलिकार्बोनेटची (कडक प्लास्टिकची) असते आणि वरचा उन्हापासून वाचवणारा थर गेलेला असतो. ८००, १५००, ३००० चा वॉटर पेपर पाण्यासोबत, मग पॉलिश, आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट. शेवटचा थर टाळलात तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

कोन सगळ्यात शेवटी, आणि तो लोक जवळजवळ नेहमी विसरतात. नवा जोड बसवला की कोन नव्याने लावावाच लागतो. दिव्याचा मध्य जमिनीपासून ६५ सेंमीवर आहे असं धरा. झोत एक टक्का खाली, म्हणजे पाच मीटरवर पाच सेंमी उतरलेला असेल तर रेघ ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. तीन टक्के उतरला, म्हणजे भिंतीवर फक्त दहा सेंमी आणखी खाली, की जेमतेम बावीस मीटर. बल्ब, वायर, काच सगळं उत्तम असूनही त्या गाडीचा मालक म्हणणार की दिवे मंद आहेत. टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या जागी माणूस, डॅशबोर्डवर लेव्हलिंगचं चाक असेल तर ते शून्यावर. भिंतीवर प्रत्येक दिव्याच्या मध्याच्या उंचीवर टेप लावा आणि रेघ तिच्या पाच सेंमी खाली येईपर्यंत मागचा स्क्रू फिरवा. जास्त दिसावं म्हणून टेपच्या वर नेऊ नका. समोरून येणाऱ्याला क्षणभर काहीच दिसत नाही, आणि त्या क्षणी तो तुमच्याच दिशेने येत असतो.

तुम्ही आज एवढंच करा: इंजिन चालू, डिपर लावलेला, आधी डाव्या बल्बची चार मापं आणि मग उजव्याची, कागदावर शेजारी शेजारी. दोन्ही बल्ब अदलाबदल करूनही एकदा बघा. पिवळेपणा बल्बसोबत उजवीकडे गेला तर बल्ब बदला. डावीकडेच राहिला तर डाव्या अर्थचा लग सोडवा आणि त्याच्याखाली रंग आहे का ते बघा.